बेसिनखालचा काँक्रीटचा ओटा घरीच ओतायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजवर मी असे तीन ओटे ओतले. पहिला फुटला. दुसऱ्याला नळाचं भोक चुकीच्या बाजूला पडलं. तिसरा आमच्या बाथरूममध्ये रोजच्या वापरात आहे आणि पाहुणे त्यावर हात फिरवून "हा कुठला दगड?" असं विचारतात. लोक मला जे प्रश्न विचारतात त्यांतले बरेच माझ्या पहिल्या दोन ओट्यांनीच मलाही विचारले होते. खालचे सगळे हिशेब ४ फूट लांब, २० इंच रुंद आणि दीड इंच जाड ओट्याचे आहेत. तुमचं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

बाजारात ग्रॅनाइट मिळत असताना हा उद्योग कशाला?

पैसे वाचवायला म्हणून करणार असाल तर करू नका. सिमेंट, वाळू, खडी स्वस्तात येते, पण साच्याचा प्लाय, पॉलिशचे डायमंड पॅड आणि चांगला सीलर (पाणी आणि डाग अडवणारा लेप) यांत ते पैसे निघून जातात. एवढ्या छोट्या ओट्याला ग्रॅनाइटवाल्याकडचा उरलेला तुकडासुद्धा पुरतो आणि तो दोन तासांत बसतो. काँक्रीटचा फायदा आकारात आहे. बाथरूमचा कोपरा काटकोनात नसेल, मध्येच पाइपाचा डक्ट आला असेल किंवा गोल कडेचा, बिनजोड ओटा हवा असेल, तर हवा तसा साचा करून ओतता येतो. दुसरं कारण म्हणजे हौस. तिला हिशेब लागू होत नाही.

हे परदेशी फॅड आहे का?

ओटा साच्यात पालथा ओतायची आजची पद्धत अमेरिकेतून आली हे खरं. पण सिमेंट घोटून गुळगुळीत करणं आपल्याला नवं नाही. आजोळच्या घरातला लाल कोबा आठवतो ना? लाल ऑक्साइड मिसळलेलं सिमेंट, गवंड्याने थापीने तासन्‌तास घोटलेलं, आणि पुढे पन्नास वर्षं पायांनी पॉलिश झालेलं. मोझॅकच्या फरश्याही सिमेंटच्याच. भारत टाइल्स मुंबईत १९२२ साली सुरू झाली, म्हणजे सिमेंटचा पृष्ठभाग घासून चकचकीत करण्याचा धंदा आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे. जुना कोबा घोटलेला गवंडी ओळखीत असेल तर ओतायच्या दिवशी त्याला चहाला बोलवा. तो हसेल, पण माल बघून जे सांगेल ते नीट ऐका.

वजन किती होतं? भिंत पेलेल का?

काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण २४०० किलो धरतात. आपला ओटा ५६-५७ किलोचा होतो. याच मापाचा १८ मिमी ग्रॅनाइट तीसेक किलोचा, म्हणजे वजन जवळजवळ दुप्पट. त्यावर बेसिन, पाणी आणि ओट्यावर रेलून दात घासणारा माणूस हे वेगळंच.

विटांच्या पक्क्या भिंतीत अँकर फास्टनर मारून एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) चौकोनी पाइपची फ्रेम लावली की काम होतं. फ्रेमला रेड ऑक्साइड आणि वर रंग द्या, कारण बाथरूममध्ये लोखंड फार लवकर गंजतं. नव्या इमारतींमधल्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतींची गोष्ट मात्र वेगळी. हा ब्लॉक हलका आणि सच्छिद्र असतो. साधा फास्टनर त्यात घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि काही महिन्यांनी हलायला लागतो. तिथे केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचा) वापरा किंवा सरळ फ्रेमचे पाय जमिनीपर्यंत आणा. मी पाय आणले. फरशी पुसताना ते आड येतात, पण रात्री झोप लागते.

सिमेंट कोणतं?

राखाडी रंग चालणार असेल तर ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) ५३ ग्रेड घ्या. पीपीसीही (राख मिसळलेलं पोर्टलँड सिमेंट) चालतं, फक्त सुरुवातीची ताकद सावकाश येते, त्यामुळे साचा सोडवायला दोन दिवस जास्त थांबा. फिका किंवा उजळ रंग हवा असेल तर व्हाइट सिमेंट लागेल. भिंतीला लावायची पुट्टी हे व्हाइट सिमेंट नव्हे. दुकानदार कधीकधी तीच काढून देतो, म्हणून पिशवीवरचं नाव वाचून घ्या.

गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट घेऊ नका. बोटांनी चुरडूनही न फुटणारे खडे त्यात असतील तर ती गोणी पायरीच्या डागडुजीला ठेवा.

वाळू आणि खडी?

नदीची वाळू मिळणं आता अवघड झालंय. धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) उत्तम चालते. कोकणात आणि गोव्यात खाडीची वाळू कुणी देऊ केली तर घेऊ नका. तिच्यातल्या मिठाने आतली जाळी गंजते आणि वरून पांढरा खार फुटतो. वाळूत माती किती आहे ते पाहायला काचेच्या बरणीत निम्मी वाळू आणि पाणी घाला, हलवा आणि तीन-चार तास ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला तर वाळू धुऊन घ्या. खडी ६ ते १० मिमीचीच हवी. स्लॅबची २० मिमी खडी दीड इंच जाडीत जाळीखाली अडकते आणि पोकळ्या राहतात.

माल कोणत्या प्रमाणात कालवायचा? पाणी किती?

वजनाने मोजा, घमेल्याने नको. सिमेंट १५ किलो, वाळू साडेबावीस किलो, बारीक खडी साडेबावीस किलो, पाणी ६ लिटर. एवढ्यात ओटा भरून थोडा माल उरतो. तो एका पसरट प्लास्टिकच्या डब्यात ओतून ठेवा. हा नमुना पुढे रंग, पॉलिश आणि सीलर यांच्या परीक्षेला लागतो, म्हणून तो फेकू नका.

आता पाण्याबद्दल, कारण माझा पहिला ओटा पाण्यानेच घालवला. वर दिलेलं प्रमाण म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या ०.४ पट पाणी. एवढ्या पाण्यात माल कोरडा वाटतो. मुठीत दाबला तर लाडू वळतो, पण साच्याच्या कोपऱ्यात आपणहून शिरत नाही. अशा वेळी हात आपोआप बादलीकडे जातो. मी दीड लिटर जास्त ओतलं, माल मस्त वाहिला, आणि मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे सूक्ष्म छिद्रं ठेवतं. ताकद कमी होते, ओटा आकसतो, तडे जातात, आणि पुढे प्रत्येक डाग त्या छिद्रांतून आत शिरतो.

पातळपणा हवा असेल तर पाण्याऐवजी सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) वापरा. पीसीई (पॉलिकार्बॉक्सिलेट) प्रकारचा घ्या. सिमेंटच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे १५ किलोला ७५ ते १५० ग्रॅम. डब्यावर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर ते पाळा. तेवढ्याच पाण्यात लाडवाचं इडलीचं पीठ होतं. जास्त घातलात तर खडी तळाशी बसते, पाणी वर येतं आणि माल धरायला वेळ लावतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं वॉटरप्रूफिंगचं लिक्विड म्हणजे हे नव्हे. त्याने थोडा फरक पडतो, पण इतका नाही.

वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी सहा लिटरमध्येच धरायचं. सुरुवातीला पाच लिटर घाला, उरलेलं थोडंथोडं.

साचा कशाचा करू?

पृष्ठभागावर सनमायका असलेला १८ मिमी प्लाय. ओटा पालथा ओततात, म्हणजे साच्याचा तळ हा ओट्याचा वरचा चेहरा होतो. तळावरचा ओरखडा, केस, वाळूचा कण, सगळं जसंच्या तसं उमटतं. मायका जितका गुळगुळीत तितकं पुढचं पॉलिशचं काम कमी. बाजूच्या पट्ट्या बाहेरून स्क्रूने बसवा. खिळे मारले तर सोडवताना हातोडा लागतो आणि ओट्याची कड उडते.

आतल्या सगळ्या कोपऱ्यांत सिलिकॉनची बारीक रेघ ओढा आणि ओल्या बोटाने गोल करा. तेवढीच गोलाई ओट्याच्या कडेला मिळते. सिलिकॉन रात्रभर वाळू द्या. मग आतून तेलाचा अगदी पुसट हात फिरवा. सेंट्रिंगवाले वापरतात ते जळकं ऑइल नको, त्याचे डाग राहतात.

साचा बिनहलणाऱ्या टेबलावर, लेव्हलमध्ये ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पालथं ओततोय म्हणजे डावं-उजवं उलटतं. माझ्या दुसऱ्या ओट्याचं नळाचं भोक असंच हुकलं. कागदावर पूर्ण आकाराचा नकाशा काढा, त्यावर "वरची बाजू" असं लिहा, आणि कागद पालथा करून साच्यात ठेवा. लिहिलेलं दिसत असेल तर तुम्ही चुकताय.

बेसिन आणि नळाची भोकं कशी ठेवायची?

आधी बेसिन, नळ आणि वेस्ट कपलिंग (बेसिनच्या निचऱ्याचा जोड) विकत आणा, मगच साचा करा. कॅटलॉगमधल्या मापावर विसंबू नका. नळासाठी साधारण ३५ मिमी भोक लागतं. त्या व्यासाचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा उभा चिकटवा, बाहेरून टेप गुंडाळा. बेसिनच्या मोठ्या भोकासाठी थर्माकोल कापून त्यावर ब्राउन टेप घट्ट लावा. थर्माकोल तरंगतो, म्हणून तळाला नीट चिकटवा आणि वरून वजन ठेवा.

एक अडचण नळ बसवतानाच कळते. बऱ्याच नळांचे आटे दीड इंच जाडीतून जेमतेम बाहेर येतात आणि खालचा नट लागत नाही. यावर उपाय म्हणजे नळाच्या जागी ओट्याच्या खालच्या बाजूने खळगा ठेवणं. ओततानाच पाइपाभोवती अर्धा इंच जाडीची थर्माकोलची चकती वरून दाबून ठेवली की झालं.

पहिल्यांदा करत असाल तर टेबलटॉप (ओट्यावर ठेवायचं) बेसिन घ्या. त्याला छोटं भोक पुरतं. काउंटरखालच्या बेसिनला मोठा खड्डा लागतो, त्याच्या पुढे-मागे जेमतेम तीन-चार इंचांची पट्टी उरते, आणि तडा हमखास तिथेच जातो. चौकोनी भोकाचे कोपरे टोकदार ठेवू नका, गोल करा. टेबलटॉप बेसिन पाच-सहा इंच उंच असतं, म्हणून ओटा २७-२८ इंचांवर बसवा, नाहीतर तोंड धुताना कोपरातून पाणी वाहतं.

आत लोखंड घालायलाच हवं का?

हो, पण बारीक. ३ मिमी तारेची वेल्डमेश (वेल्ड केलेली जाळी) पुरते, आणि मोठं भोक असेल तर त्याच्या चारी कोपऱ्यांवर तिरक्या सळया. दोन टोकांना टेकलेला ओटा मध्ये वाकायला बघतो, ताण खालच्या बाजूला येतो, म्हणून जाळी मध्यापासून थोडी खाली असावी. पालथ्या साच्यात ही "खाली" म्हणजे वरची बाजू. ओट्याची पुढची कड आधाराबाहेर बरीच येत असेल तर तिथे हिशेब उलटा होतो. चेहऱ्यापासून जाळी इंचभर तरी दूर ठेवा. जवळ गेली तर पृष्ठभागावर तिच्या चौकड्यांची सावली दिसते आणि ती पॉलिशने जात नाही.

सुटे तंतू मिसळायचे तर पॉलिप्रॉपिलीनचे घ्या किंवा अल्कली सोसणाऱ्या काचेचे. साध्या फायबरग्लासचे तंतू सिमेंटच्या अल्कलीत विरत जातात.

ओतायचा दिवस कसा असावा?

सकाळचा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये तर उजाडतानाच, नाहीतर माल हातातच धरतो. दोन माणसं हवीत. सुके जिन्नस आधी एकजीव करा, मग पाणी आणि प्लास्टिसायझर. भारतीय मानकाप्रमाणे ओपीसी किमान ३० मिनिटं तरी धरायला लागत नाही. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ मिळतो, पण त्या भरवशावर चहाला बसू नका.

साचा दोन-तृतीयांश भरा, कोपऱ्यांत हाताने दाबा, मग जाळी ठेवा आणि उरलेला माल भरा. आता बुडबुडे काढायचे. सँडर (पॉलिश पेपरने घासायचं मशीन) असेल तर कागद काढून साच्याच्या बाजूंना टेकवा, नसेल तर रबरी हातोडीने खालून आणि बाजूंनी ठोका. दहा-पंधरा मिनिटं. वर फुटणारे बुडबुडे थांबले की पाट्याने सपाट करा. ही ओट्याची खालची बाजू आहे, घोटत बसू नका.

साचा कधी सोडवायचा?

ओतल्यावर लगेच प्लास्टिकने झाका. चौथ्या दिवशी बाजूच्या पट्ट्या काढा आणि चौघांनी मिळून ओटा उलटा करा. उचलताना आणि जिन्यातून नेताना काचेसारखा कडेवर उभा धरा. आडवा धरलेला ओटा स्वतःच्याच वजनाने मध्ये मोडतो. माझा पहिला असाच गच्चीवरून खाली आणताना बेसिनच्या भोकापाशी गेला. आधीच्या जास्तीच्या पाण्याने तडा तयारच होता, आम्ही फक्त तो उघड केला.

कालवताना जितकं पाणी वाचवलंत तितकं आता सढळ हाताने द्या. ओलं गोणपाट, वर प्लास्टिक, किमान सात दिवस. पीपीसी असेल तर दहा. गोणपाटाचा रंग उतरत नाही ना ते बघा, उतरत असेल तर जुन्या पांढऱ्या चादरी वापरा. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात.

पृष्ठभागावर बारीक भोकं दिसताहेत. बिघडलं का?

नाही, सगळ्यांना दिसतात. त्याच सिमेंटची घट्ट पेस्ट करून रबरी पट्टीने भरा, दोन दिवस ओली ठेवा, मग घासा. काहीजण भोकं मुद्दाम तशीच ठेवतात. दिसायला छान दिसतं, पण सहा महिन्यांत त्यांत साबणाचा मळ बसतो.

पॉलिश कसं करायचं?

पाण्यावर चालणारे डायमंड पॅड, २०० पासून ४००, ८००, १५००. वरची साय तेवढी काढायची असेल तर २०० पासून सुरू करा. खडीचे कण मोझॅकसारखे दिसायला हवे असतील तर ५० पासून, आणि त्याला फार वेळ लागतो. कोरडं घासू नका. काँक्रीटच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते ती बाहेर येत नाही. पाणी असलं तरी एन-९५ मास्क लावा. ओलं काम आणि वीज एकत्र असल्याने पॉलिशर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवरच चालवा. उरलेला चिखल मोरीत ओतू नका. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, खालचा गोळा कचऱ्यात टाका. मोरीत गेला तर तो पाइपात पुन्हा काँक्रीट होतो.

रंग घालता येतो का?

आयर्न ऑक्साइडचे रंग टिकतात: लाल, पिवळा, काळा, तपकिरी. सिमेंटच्या वजनाच्या पाच टक्क्यांपर्यंत ठेवा. दहाच्या पुढे ताकद जाते आणि रंगही गडद होत नाही. सुकं सिमेंट आणि रंग आधी एकत्र चाळून घ्या. निळ्याच्या नादी लागलात तर खर्च वाढतो. ओला माल नेहमी गडद दिसतो, म्हणून रंग नमुना वाळल्यावरच ठरवा.

सीलर कोणता? एकदा लावला की झालं?

दोन जाती आहेत. एक आत झिरपणारा, सिलेन-सिलॉक्सेनचा. तो दिसत नाही, काँक्रीटचा मूळ चेहरा तसाच राहतो, पाणी थेंबाथेंबाने वर बसतं. पण तेल आणि आम्ल तो अडवत नाही. दुसरा वर थर करणारा, म्हणजे ॲक्रिलिक, इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन). यांत ॲक्रिलिक लवकर झिजतं, इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, आणि पीयू डागांना सगळ्यात चांगलं तोंड देतं. आपल्या बाथरूममध्ये हळद, उटणं, मेंदी, केसांचा कलप, खोबरेल तेल हे सगळं येणार. मी पाण्यावर आधारित दोन घटकांचं पीयू लावलं, तीन पातळ हात. चमक जराशी प्लास्टिकसारखी वाटते हे कबूल. पण हळदीकुंकवाच्या दिवशी बायका हात धुऊन गेल्या आणि ओटा जसाच्या तसा राहिला.

सीलर लावण्याआधी ओटा आतून कोरडा हवा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली दव किंवा काळपट डाग दिसला तर अजून थांबा. पावसाळ्यात कोकणात हे थांबणं महिनाभरही चालतं, म्हणून दिवाळीनंतर ओतलेलं बरं. दर काही महिन्यांनी ओट्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. तो पसरून जागा गडद होत असेल तर पुन्हा सीलर लावायची वेळ झाली.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. ॲसिडने काढू?

अजिबात नाही. काँक्रीटचे ओटे लोक वापरताना खराब करतात ते बहुतेक इथेच. जड पाण्याचे डाग क्षारांचे, ते आम्लात विरघळतात, म्हणून टाइल्सवर आपण बिनधास्त ॲसिड मारतो. पण काँक्रीटमधलं सिमेंटही आम्लात विरघळतं. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्याचा एक शिंतोडा सीलर झिजलेल्या जागी पडला की खरखरीत पांढुरका डाग कायमचा. लिंबू आणि व्हिनेगरही त्याच जातीचे, सावकाश काम करणारे. डाग पडू न देणं हाच उपाय: रात्री शेवटच्या माणसाने कोरड्या फडक्याने ओटा पुसायचा. साफ करायला भांड्यांचा सौम्य साबण पुरे. आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आमच्याकडे ॲसिडची बाटली आता ओट्यावर ठेवायची नाही, खाली कोपऱ्यात ठेवायची, असा नियम आहे.

केसासारखा तडा दिसतोय. काढून टाकू?

नखाला लागत नसेल तर काही करू नका, सीलरचा हात द्या. नख अडकत असेल तर पातळ इपॉक्सी भरा. आरपार असेल आणि दाबल्यावर हलत असेल तर ओटा खाली उतरवा.

बसवताना सिलिकॉन कोणता?

न्यूट्रल. व्हिनेगरचा वास येणारा नेहमीचा सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतो आणि काँक्रीटला नीट धरत नाही. फ्रेमवर ठिपके देऊन ओटा ठेवा, डगमगत असेल तर मायकाचे तुकडे सरकवा, भिंतीलगतची फट शेवटी भरा. बेसिनकडे दोन-तीन मिमी ढाळ ठेवलात तर पाणी भिंतीकडे जात नाही.

हातमोजे खरंच लागतात?

ओलं सिमेंट तीव्र अल्कलाइन असतं. लगेच चुरचुरत नाही, म्हणून फसगत होते. रात्री बोटांची टोकं सोलवटतात. रबरी मोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा, आणि मालात गुडघे टेकवून बसू नका.

एकूण किती दिवस धरू?

साच्याला दोन, ओतायला एक, साच्यात चार, ओलं ठेवायला सात, पॉलिश आणि भोकं भरायला चार, वाळायला दोन ते चार आठवडे, सीलरला तीन. दीड महिना धरा. तोवर जुनं बेसिन काढू नका.